गाठ विरघळली म्हणे, रसाने!

आज पुन्हा तोच मेसेज. एका काकांच्या यकृतात कॅन्सरची 6 सेंटिमीटरची गाठ, डॉक्टरांनी हात टेकले, मग कुठल्याशा पाल्याचा रस, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ गायब. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

गाठ गायब होऊ शकते, त्यावर वाद नाही. उपचारांशिवाय किंवा अपुऱ्या उपचारांवर गाठ आटते, त्याला स्पॉन्टेनियस रिग्रेशन म्हणतात. फार दुर्मिळ, पण नोंदलेलं. एव्हरसन आणि कोल या डॉक्टरांनी 1966 मध्येच बजावून ठेवलंय की गाठ आटली म्हणजे रोग बरा झाला असं नाही.

आता मेसेज नीट वाचा. मधेच अर्धी ओळ आहे: 'रक्ताच्या उलट्या होऊन आयसीयूत होते.' अहो, बातमी तिथे आहे! निरोगी यकृताला साधारण 75% रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून) मिळतं, उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे यकृताच्या धमनीतून. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरची, वाढलेली गाठ मात्र जवळजवळ सगळी आर्टरीवर जगते. म्हणून तर ट्रिपल फेज सीटीत (रंगद्रव्य टोचून तीन टप्प्यांत काढलेल्या स्कॅनमध्ये) धमनीच्या टप्प्यात, आर्टिरियल फेजमध्ये, ती उजळते आणि नंतर काळवंडते. मोठा रक्तस्राव झाला, बीपी कोसळलं, की भराभर वाढलेल्या गाठीला ऑक्सिजन पुरत नाही आणि ती आतून मरते. आर्टरीत गुठळी झाली तरी तेच. काकांच्या बाबतीत हेच घडलं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण रसाच्या आधी संशय रक्तस्रावावर जायला हवा.

दुसरा संशयित प्रतिकारशक्ती. जोरदार ताप किंवा संसर्गानंतर गाठी आटल्याच्या नोंदी आहेत. त्याच धाग्यावरून अमेरिकन सर्जन कोली यांनी 1891 मध्ये रुग्णांना जिवंत जंतू टोचले होते. धाडसच ते! दारू सोडल्यावर गाठ आटल्याच्याही नोंदी आहेत. आणि हो, काही नोंदींत रुग्ण वनौषधी घेत होते. घेत होते, एवढंच.

राग याचा येतो की रक्तपुरवठा तुटणं आणि प्रतिकारशक्ती, ही दोन्ही कारणं आज उपचारांत मुद्दाम वापरली जातात. टेस (TACE) या उपचारात मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून कॅथेटर थेट गाठीच्या आर्टरीपर्यंत नेतात, औषध सोडतात आणि वाट बुजवतात. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या औषधांची जोडी प्रतिकारशक्तीला मोकळं करते. आणि मेसेज सांगतो, हे सगळं सोडा, रस प्या!

काकांची गाठ खरंच गेली असेल तर आनंदच आहे. माणूस वाचावा, आणखी काय हवं? पण आधी एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात बरेचदा वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं का, आणि मग उतरलं का? त्याचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा काळ) 5 ते 7 दिवसांचं, त्यामुळे गाठ मेली तर काही आठवड्यांत आकडा घसरलेला दिसतो. आटलेल्या गाठी कापून काढल्यावर कडेला जिवंत पेशी सापडल्यात, म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी करायलाच हवं. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

ज्यांच्या घरी टेसची तारीख ठरलीय, त्यांची तगमग कळते. बुडत्याला काडीचा आधार, तुम्हाला दोष कोण देईल? पण रस सुरू केला असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. असल्या गोष्टींनी यकृताला इजा होऊ शकते, आणि बिलिरुबिन (यकृत बिघडलं की रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) 2-3 mg/dLच्या वर गेलं की टेस बहुधा करत नाहीत.