हिरव्या पट्टीतले मूल

कुपोषण म्हटले की बरगड्या दिसणारे, डोळे खोल गेलेले मूल आपल्यासमोर उभे राहते. त्याच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मोजपट्टीवर लाल रंग येतो आणि धावपळ सुरू होते, ती व्हायलाच हवी. मला मात्र जास्त घोर लागतो तो हसत्याखेळत्या, पट्टीवर हिरव्या रंगात येणाऱ्या, पण वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलाचा. कारण 'घराणेच ठेंगणे' असे म्हणून सगळे निर्धास्त होतात.

हे म्हणणे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून वाढीचे मानदंड ठरवले, तेव्हा चांगले पोषण आणि उपचार मिळालेल्या या मुलांची पाच वर्षांपर्यंतची वाढ जवळपास सारखीच निघाली.

खुंटण्याची सुरुवात बहुधा पोटातच होते. आई स्वतः रक्तक्षयाने थकलेली, कोवळ्या वयात बाळंतपण आलेले आणि बाळ कमी वजनाचे. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पुरते. खरा घात होतो तो त्यानंतर. बाळाचे पोट एवढेसे, त्यात धान्याची पाण्यासारखी पातळ पेज गेली की ते भरते, बाळ शांत होते, आईलाही समाधान वाटते. पण त्या पेजेत ना पुरेशी ऊर्जा असते, ना स्निग्धांश, ना लोह. त्यातच जुलाब सुरू झाले की खाल्लेलेही अंगी लागत नाही. स्वच्छतेचा प्रश्न वाटतो तेवढा सोपाही नाही: बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतील मोठ्या चाचण्यांत साधी शौचालये आणि हात धुण्याची सोय एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही.

म्हणून शाळेतल्या जेवणाला कुपोषणावरचा मुख्य उपाय मानणे मला पटत नाही. ते जेवण हवेच, पण ते मुलापर्यंत पोहोचते तेव्हा गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस केव्हाच सरलेले असतात. पेरूने हा काळ धरला. गरीब मातांना थेट रोख रक्कम, त्यासाठी बाळाच्या नियमित तपासणीची अट, आणि आरोग्यखात्याचा पैसा कामाच्या निकालाशी बांधलेला. 2008 मध्ये सुमारे 28 टक्के असलेले खुंटलेल्या मुलांचे प्रमाण 2016 पर्यंत सुमारे 13 टक्क्यांवर आले. बाळाची उंची आईवडिलांवर गेलेली नाही, हे तिथे आयांना समजावून सांगावे लागले.

यासाठी आधी उंची मोजली गेली पाहिजे. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर निजवून मोजायचे तर एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलकेच सरळ करून तळपाय टेकवायचे. रडणाऱ्या बाळाशी हे काम एकट्या कार्यकर्तीला जमत नाही, मग वजनाची नोंद होते आणि उंचीचा रकाना कोराच राहतो. पोषणाचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी आधी त्या दुसऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद करावी.