त्रेसष्ट वेळा ‘वालीद्नी’

शुक्रवारी रात्री पावणेदहाला माझ्या इंग्रजी-रशियन भाषांतराची फाइल परत आली. त्रेसष्ट ठिकाणी लाल खुणा. पोटात गोळाच आला, म्हटलं आपल्याच हातून काहीतरी मोठं सुटलंय. उघडून बघते तर त्रेसष्टही ठिकाणी एकच दुरुस्ती: इंग्रजीत जिथे जिथे ‘व्हॅलिड’, तिथे तिथे माझा शब्द उडवून ‘वालीद्नी’. फाइंड-रिप्लेस मारलेलं, विषय संपला. शेजारी रिव्ह्यूअरबाईंची कॉमेंट: ‘टर्म्स कन्सिस्टंट केल्या आहेत. पुढच्या वेळी काळजी घ्यावी.’

काळजी मी घ्यावी? औषधाच्या नोंदणीची कागदपत्रं आहेत ती, रशियाला जाणारी. चार दिवस एकेका ‘व्हॅलिड’पाशी थांबून मी तीच काळजी घेत होते. सर्टिफिकेट अमुक तारखेपर्यंत व्हॅलिड, तिथे ‘देइस्त्वीतेल्नी’, कारण ‘देइस्त्विए’ म्हणजे क्रिया, आणि ज्याचा अंमल चालू आहे ते देइस्त्वीतेल्नी. पासपोर्टपासून तिकिटापर्यंत रशियन माणूस हेच म्हणतो. चाचणी उशिरा घ्यायला व्हॅलिड कारण होतं, तिथे ‘उवाझीतेल्नाया प्रिचीना’. शाळा बुडवणाऱ्या रशियन पोरालासुद्धा हे दोन शब्द माहीत असतात. निष्कर्ष व्हॅलिड, म्हणजे त्याला पाया आहे, तर ‘अबस्नोवान्नी’. आणि माहिती व्हॅलिड, तिथे ‘दस्तवेर्नी’: विश्वास ठेवण्याच्या लायकीची. आपला ‘विश्वासार्ह’ अगदी याच जोडणीचा आहे! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनच्या वर्गात होते, आणि त्या दिवशी केवढा आनंद झाला होता मला.

‘वालीद्नी’ हा शब्द रशियनमध्ये नाहीच असं मी म्हणत नाही. प्रोग्रॅमर वापरतात, मानसशास्त्राच्या चाचण्यांत ‘वालीद्नस्त्’ असते, आणि पद्धतीच्या व्हॅलिडेशनला ‘वालिदात्सिया’ तर मीच लिहिलं होतं. पण ‘वालीद्नाया प्रिचीना’?

संताप याचा आहे की बाई मराठी आहेत. घरी त्या औषधाची ‘मुदत’ संपली म्हणतात, रजेला ‘सबळ’ कारण देतात, कोर्टात पुरावा ‘ग्राह्य’ धरला असं पेपरात वाचतात. दिवसभर तीन वेगळे शब्द न चुकता वापरणाऱ्या माणसाला रशियन लोक असं करत असतील ही शंकासुद्धा येऊ नये?

फोन केला. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, ‘मॅम, वालीद्नी नको असेल तर सगळीकडे दस्तवेर्नी करू. ग्लॉसरीत एकच एन्ट्री लागते.’ अरे बाबा, सर्टिफिकेट ३१ डिसेंबरपर्यंत ‘दस्तवेर्नी’ म्हणजे १ जानेवारीपासून ते खोटं बोलायला लागणार का? त्यावर तो म्हणाला, क्लायंटला फरक पडत नाही. फाइल वाचणार मॉस्कोतला तज्ज्ञ, आणि फरक पडतो की नाही हे ठरवणार पुण्यातला मॅनेजर.

फोन ठेवल्यावर पुढची पानं पाहिली. ‘अ‍ॅक्युरसी’ला मी ‘प्रावील्नस्त्’ लिहिलं होतं, ते काढून ‘तोच्नस्त्’. कारण डिक्शनरीत पहिला अर्थ तो दिसतो! मोजमापाच्या अचूकतेचं रशियन मानक, २००२ चं गोस्त आर आयएसओ ५७२५, नुसतं शीर्षकापुरतं वाचलं तरी कळतं: ‘तोच्नस्त्’ ही मोठी छत्री, आणि तिच्याखाली दोघी, ‘प्रावील्नस्त्’ आणि ‘प्रेत्सिझिओन्नस्त्’. पहिलीत आकड्यांची सरासरी खऱ्या किमतीच्या किती जवळ, दुसरीत आकडे एकमेकांच्या किती जवळ. रशियन फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, व्हॅलिडेशनच्या भागात अ‍ॅक्युरसीच्या जागी ‘प्रावील्नस्त्’ आहे. म्हणजे आता आमच्या तक्त्यात पोटप्रकाराच्या जागी छत्री बसली, आणि खालच्याच ओळीत तिची दुसरी मुलगी उभी आहे. हे मी कॉमेंटमध्ये कलमासकट लिहिलं होतं. ती कॉमेंट डिलीट केली.

आणि हे सगळं ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून पुढे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जाणार. तुम्हाला माहीतच आहे पुढे काय होतं. पुढच्या फाइलमध्ये हीच वाक्यं शंभर टक्के मॅच म्हणून लॉक होऊन येतील. त्यांचे पैसे नाहीत, त्यांना हात लावायची परवानगी नाही, आणि चूक निघाली की विचारणा मात्र मला. फझी मॅचला, म्हणजे अर्धवट जुळणाऱ्या जुन्या वाक्याला, निम्मा दर कापणाऱ्यांनी एकदा फझी मॅच दुरुस्त करून दाखवावा. साठ दिवसांनी पैसे देणाऱ्यांना दोन तासांत डिलिव्हरी कशी हवी असते?

मागे एकाने ‘डेटा इंटेग्रिटी’चं ‘चेस्नस्त्’ केलं होतं, डेटाचा प्रामाणिकपणा. ‘त्सेलस्नस्त्’ हा शब्द समोर असताना. एका लेखात संख्याशास्त्रातल्या ‘सिग्निफिकंट’ला मी ‘झ्नाचीमी’ लिहिलं, तर तिथे ‘दस्तवेर्नी’ घातलं, कारण जुन्या सोव्हिएत लेखांत तसं सापडतं. पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता, लहान आली म्हणून निकाल विश्वासार्ह होत नाही हो! आणि ते बातम्यांचं काम. खोट्या बातम्यांवरच्या २०१९ च्या दंडाच्या रशियन कायद्यात शब्द आहे ‘नेदस्तवेर्नाया’, अविश्वासार्ह माहिती, आणि २०२० व २०२२ मध्ये फौजदारी संहितेत आलेल्या कलमांत ‘लोझ्नाया’, खोटी. एकीकडे प्रशासकीय दंड, दुसरीकडे २०२२ च्या कलमात पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. संपादकाने दोन्हीकडे ‘फेक न्यूज’ केलं आणि म्हणाला वाचकाला सोपं जातं. त्या एका शब्दावर तिकडे माणसं आत जातात!

आज सकाळी शेवटचं पान पाहिलं. माझ्या नावाचं प्रमाणपत्र, भाषांतर मूळाबरहुकूम असल्याचं. मी ‘वेर्नस्त् पेरेवोदा’ लिहिलं होतं. रशियाच्या नोटरी कायद्यातले शब्द आहेत ते; ‘वेरा’ म्हणजे विश्वास, तोच धातू. तिथेही रिप्लेस चाललंय: ‘वालीद्नस्त् पेरेवोदा’. खाली माझं नाव, आणि सहीसाठी पिवळी खूण करून ठेवलेली जागा.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट जागा मी परत बदलल्या, प्रत्येकीशेजारी कारण लिहिलं, आणि मूळ तक्त्यात ‘प्रावील्नस्त्’ जागेवर ठेवली. सोबत दोन ओळींची मेल: हेच गेलं तर सही करते, त्यांचं गेलं तर माझं नाव काढा. मॅनेजरचे तीन मिस्ड कॉल आहेत. सोमवारी दहाला डेडलाइन.