इंजिनाला ताप, मला हुडहुडी

टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला तेव्हा मी गाडीत स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून बसलो होतो. बॉनेटखाली रटरट चाललेली, आणि हीटरच्या जाळीतून मात्र रुसलेल्या माणसाने नाइलाजाने घातलेल्या फुंकरीएवढी गार हवा. मधे एक पत्रा. पत्र्यापलीकडे वैशाख, अलीकडे पौष.

गाडी 19 वर्षांची. या वयात माणूसही थोडाफार तापट होतो म्हणून मी आधी समजुतीने घेतलं. मग वही काढली आणि दोन तक्रारी लिहिल्या. एक: गाडी तापते. दोन: हीटर चालत नाही. दोन तक्रारी म्हणजे दोन आजार, असं माझं सरळ गणित होतं. पुढच्या दीड महिन्याचं सगळं रामायण त्या दोन ओळींत आहे.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर. ही अंगठ्याएवढ्या वकुबाची वस्तू. तिच्या पोटात मेण असतं. कूलंट, म्हणजे इंजिनात फिरून त्याला गार ठेवणारं पाणी, 82 ते 90 अंशांच्या दरम्यान कुठेतरी पोचलं की ते मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट गार व्हायला पुढच्या जाळीदार रेडिएटरकडे निघतं. झडप बंदच राहिली तर इंजिन उकळतं. मी तो थर्मोस्टॅट काढला, दोऱ्याला बांधला आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडून गॅसवर ठेवला. अंश मोजायला ताप बघायचा थर्मामीटर आणला, तर बायको म्हणाली, "अरे, तो 42लाच संपतो." पातेलं कोणतं घेतलंय हे तिला नंतर दिसलं, तो भाग वगळतो. पाण्याला उकळी यायच्या आधीच झडप आज्ञाधारकपणे उघडली. थर्मोस्टॅट निर्दोष सुटला. तरी मी नवा बसवला, कारण एवढं उघडून जुनाच परत लावायचा तर माणसाने उघडावं कशाला?

मग तक्रार नंबर दोन. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा स्वतःचा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. तो गाळाने तुंबला असणार, असं ठरवून मी त्याचे पाइप काढले आणि उलट्या बाजूने नळी लावली. पाणी आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं. माझे बूट मात्र भिजले.

दोन्ही वेळा मी कूलंट काढलं, परत भरलं, आणि झाकण लावून लगेच बाहेर पडलो. दोन्ही वेळा गाडी आधीपेक्षा लवकर तापली. मेकॅनिकने वॉटर पंपाचं नाव काढलं, दुसऱ्याने हेड गॅसकेटचं, म्हणजे इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरू न देणाऱ्या पट्टीचं. हेड गॅसकेट हे शब्द मेकॅनिक असे उच्चारतात की समोरच्याने आधी खुर्ची शोधावी.

शेजारच्या काकांनी इंजिन चालू असताना हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावला. "अहो, इंजिन एवढं तापलंय आणि हे दोन्ही गार? म्हणजे गरम पाणी इथवर येतच नाही. गाडीला गुबारा धरलाय!"

गुबारा म्हणजे एअर लॉक, कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा. हवा वर जाते, आणि बऱ्याच गाड्यांत हीटरचा रेडिएटरच उंचावर असतो. हवा तिथे ठाण मांडून बसली की हीटर थंड. तीच हवा थर्मोस्टॅटपाशी साचली की त्याला खरा ताप कळत नाही, तो उशिरा उघडतो, आणि इंजिन गरम. रोग एकच. मी मात्र म्हैस सोडून पखालीला औषध पाजत होतो, आणि दर वेळी भरताना त्या पखालीत आणखी हवा कोंडत होतो.

इलाज सोपा, पण वेळखाऊ. गार गाडी चढावर, नाक वर करून उभी केली. रेडिएटरचं झाकण उघडलं. हे गार असतानाच. तापलेल्या गाडीचं झाकण उघडणाऱ्याला उकळतं कूलंट तोंडावर घ्यावं लागतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं आणि वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबत बसलो. दहा मिनिटं काही नाही. मग तळातून "गुळुक" झालं. एक मोठा बुडबुडा वर आला, फुटला, आणि पातळी बोटभर खाली गेली. मी कूलंट ओतलं. परत गुळुक. काका म्हणाले, "बुडबुडे थांबलेच नाहीत, तर मात्र हेड गॅसकेट." त्यानंतरचा प्रत्येक बुडबुडा मी परीक्षेचा निकाल ऐकावा तसा ऐकला. दीडेक लिटर पोटात गेल्यावर ते थांबले.

मुळात हवा शिरली कुठून? झाकणातून. त्याच्या रबराला चिरा गेल्या होत्या. अर्धं पाणी, अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला तर 125 गाठेपर्यंत दम काढतं. आमचं झाकण दाबही धरत नव्हतं आणि तापून फुगल्यावर शेजारच्या बाटलीत गेलेलं कूलंट गार झाल्यावर परत ओढूनही घेत नव्हतं. साऱ्या गाडीतली सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

नवं झाकण लावून निघालो. काटा मध्यावर शहाण्यासारखा उभा राहिला. जाळीतून अशी ऊब आली की आधी मफलर उतरला, मग कानटोपी, मग स्वेटर. शेवटी कपाळावर घाम आला तेव्हा मी हीटरचा नॉब गारकडे फिरवला. आत कुठेतरी एक तार "टक" करून तुटली.

वहीत आता तिसरी तक्रार आहे: हीटर बंद होत नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही.