विषामृताचे पेटंट

गेल्या गणपतीत पुण्याहून एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो मोबाईलवरचे खेळ तयार करणारी पंधरा जणांची लहानशी कंपनी चालवतो, आणि उद्योजकांच्या एका बैठकीत करायच्या भाषणाचा मसुदा त्याने मला आधीच वाचायला पाठवला होता. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३(एम) रद्द करावे, अशी त्या भाषणातील मागणी होती. निव्वळ योजना, नियम, मनातल्या मनात करायची कृती किंवा खेळ खेळण्याची पद्धत हा शोध नव्हे, असे ते कलम सांगते. त्यामुळे आपल्याकडे गेम बनवणाऱ्याच्या कल्पनेला संरक्षण नाही, संरक्षण नाही म्हणून भांडवल नाही, आणि भांडवल नाही म्हणून आपण दुसऱ्यांच्या खेळांच्या नकला करत बसलो आहोत, अशी त्याची मांडणी होती. शेवटी ठरलेले वाक्य आलेच : "जपानकडे पाहा."

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने मला नेमके उलटे सुनावले. खेळाडूने एखादे दुय्यम पात्र मैदानात उतरवायचे आणि त्याला शत्रूशी लढायला लावायचे, या पद्धतीवर निन्टेंडो या जपानी गेम कंपनीला २ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले होते. "मामा, तुमचे जपानी लोक आता खेळण्यावरच कर बसवणार," असे तो तावातावाने म्हणाला. 'तुमचे' हा शब्द मला लागला, आणि मित्राचे 'जपानकडे पाहा'सुद्धा लागले. मी क्योटोच्या फुशिमी भागात चौदा वर्षे राहतो, खेळांचे सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, आणि रोज सकाळी किन्तेत्सुच्या गाडीतून जूजो स्टेशन मागे टाकताना निन्टेंडोची पांढरी इमारत पाहतो. जपानकडे पाहणे हे माझ्यासाठी भाषणातले वाक्य नाही. म्हणून दोघांनाही उत्तर द्यावेसे वाटते, आणि मित्राला आधी, कारण त्याची मागणी कायद्यात उतरू शकते.

त्याने उदाहरण दिले होते ते पालवर्ल्डच्या खटल्याचे. पॉकेटपेअर या टोकियोतील छोट्या कंपनीने १९ जानेवारी २०२४ रोजी हा खेळ बाजारात आणला आणि महिन्याभरात अडीच कोटी लोकांनी तो खेळून पाहिला. त्यातील प्राणी पोकेमॉनसारखे दिसतात, अशी ओरड पहिल्या दिवसापासून होती. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनी टोकियो जिल्हा न्यायालयात गेल्या, तेव्हा दावा चित्रांच्या नकलेचा नव्हता, तो तीन पेटंटांचा होता : वस्तू फेकून प्राणी पकडणे आणि लढाईत उतरवणे, आणि प्राण्यांवर स्वार होऊन फिरणे, या स्वरूपाच्या पद्धतींचा. माझ्या मित्राने येथेच थांबून 'पाहा, जपानमध्ये कल्पनेला कशी किंमत आहे' असे लिहिले. तो आणखी दोन ओळी पुढे वाचता तर बरे झाले असते. त्या तिन्ही पेटंटांचे मूळ डिसेंबर २०२१ मधील अर्जांत असले, तरी ज्या रूपात ती न्यायालयात नेली गेली त्या रूपातले अर्ज फेब्रुवारी ते जुलै २०२४ या काळात, म्हणजे पालवर्ल्ड लोकांच्या हातात पडल्यानंतर, मूळ अर्जातून वेगळे काढून दाखल केलेले होते. कायद्याला हे मान्य आहे आणि असे अर्ज मूळ अर्जाच्या तारखेचा लाभ घेतात. शेजाऱ्याचे घर बांधून झाल्यावर आपल्या जुन्या सातबाऱ्याच्या आधारे कुंपणाची रेषा नव्याने आखण्यासारखे हे आहे, आणि ती रेषा नेमकी त्याच्या उंबरठ्यावरून जाईल अशी आखता येते.

भरपाईची मागणी किती होती, हेही मित्राला सांगायला हवे : दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी ५० लाख येन आणि त्यावरील विलंबाची रक्कम. एवढ्या रकमेसाठी निन्टेंडो न्यायालयात जात नाही. खरी मागणी मनाईहुकुमाची होती, आणि निकालाची वाट न पाहता तिचा परिणामही झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॉकेटपेअरने गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याची रीत बदलली, आता तो खेळाडूच्या शेजारी नुसता प्रकट होतो. मे २०२५ मध्ये प्राण्याला धरून हवेत तरंगणे काढले आणि त्याजागी साधा ग्लायडर दिला. खेळणाऱ्याला यातून काय मिळाले, असा प्रश्न मी मित्राला विचारला, तेव्हा तो म्हणाला की शोधकाला न्याय मिळाला. कोणत्या शोधकाला? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कुळातील एका अर्जाला जपानच्याच पेटंट कार्यालयाने नकाराची कारणे कळवली, आणि यात नवे काही नाही हे दाखवण्यासाठी आधीच्या खेळांची उदाहरणे पुढे ठेवली, त्यांत पॉकेटपेअरचा आधीचा खेळही होता. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या संचालकांनी स्वतःहून त्या सप्टेंबरच्या पेटंटाच्या फेरतपासणीचा आदेश दिला. ज्या पद्धतीकडे पाहा असे मित्र सांगतो, ती पद्धत स्वतःच आपण दिलेल्या कागदाकडे पुन्हा पाहत आहे.

जपानमधील जुने खटलेही त्याने अर्धेच वाचले आहेत. बोटाने पडद्यावर ओढून पात्र चालवण्याच्या रीतीसह काही पेटंटांवरून निन्टेंडोने डिसेंबर २०१७ मध्ये कोलोप्ल या गेम कंपनीवर दावा लावला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोप्लने ३३० कोटी येन देऊन तडजोड केली. कॅपकॉम या गेम कंपनीने कोएई टेक्मो या दुसऱ्या गेम कंपनीवर ओसाकात केलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाने ५१ लाख ७० हजार येन दिले, वरच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तीच रक्कम १४ कोटी ३८ लाखांवर नेली. न दिसणारा शत्रू जवळ आला की हातातले कंट्रोलर थरथरावे, ही त्यातील एक रीत होती. हे आकडे एका गोष्टीची साक्ष देतात : येथे दावा लावणारेही मोठे आणि सोसणारेही मोठे असतात. पंधरा जणांची कंपनी या रांगेत उभी राहिली, तर पहिल्या सुनावणीपूर्वीच वकिलांच्या फीमध्ये संपेल.

मित्राला माझे म्हणणे एवढेच आहे की, जपानच्या ज्या काळाचा त्याला मोह पडला आहे, तो काळ खेळाच्या रीतींवरील पेटंटांनी घडवलेला नाही. मारियोची उडी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून १९८० च्या दशकात प्रत्येकाने ती उचलली, ताणली, दुहेरी केली, भिंतीवरून मारली, आणि त्या देवाणघेवाणीतूनच ज्या खेळांच्या सीडी आम्ही कॉलेजात एकमेकांना देत होतो ते खेळ जन्मले. निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांच्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या बटणाचे पेटंट निन्टेंडोकडे होते, आणि ते मला पूर्ण मान्य आहे, कारण ती हातात धरायची वस्तू होती, तिच्यामागे कारागिरी होती. उडी ही वस्तू नव्हे. उलट नाम्को या जपानी गेम कंपनीने खेळ सुरू होण्याआधीच्या प्रतीक्षेत दुसरा छोटा खेळ खेळायला देण्याच्या कल्पनेवर १९९५ मध्ये अर्ज केला आणि त्या पेटंटाची मुदत २०१५ मध्ये संपली. त्या वीस वर्षांत आमची अख्खी पिढी रिकामी पट्टी सरकताना पाहत बसली, आणि पेटंट मोकळे झाले तोवर यंत्रे इतकी वेगवान झाली होती की त्या कल्पनेची गरजच उरली नव्हती. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने आपल्यावर डूख धरणाऱ्या, आपल्याला लक्षात ठेवणाऱ्या शत्रूंच्या व्यवस्थेवर २०२१ मध्ये पेटंट मिळवले. ती व्यवस्था ज्या मोनोलिथने घडवली तो स्टुडिओ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आला, पेटंट मात्र २०३६ पर्यंत जिवंत आहे. घडवणारी माणसे गेली आणि कुलूप राहिले.

भाच्यालाही उत्तर देणे आहे. निन्टेंडोला गुंड म्हणणे सोपे आहे. या कंपनीने १८८९ पासून याच शहरात पत्ते विकले, आणि येथील माणूस स्वतःच्या हातच्या वस्तूकडे ज्या गंभीरतेने पाहतो ती गंभीरता तिच्यात आहे. ओगुरा येथील तिच्या संग्रहालयात मी गेलो, तेव्हा एकेका जुन्या खेळण्यासमोर लोक ज्या शांततेने उभे होते, तशी शांतता मला आपल्याकडच्या कोणत्याही संग्रहालयात अनुभवायला मिळालेली नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या खेळातली चित्रे, आवाज, पात्रे उचलून आठवड्यात नवे ॲप बाजारात आणणारे लोक पेटंटाविरुद्ध स्वातंत्र्याची भाषा बोलतात, तेव्हा मला चीड येते. चित्र चोरणे वेगळे आणि रीत घेणे वेगळे, हा भेद कलम ३(एम) मध्ये गृहीत आहे. चित्रासाठी कॉपीराइट आहेच, फक्त तो पाळण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही. भाचा यावर म्हणाला, "मामा, तुम्ही आता त्यांच्यासारखेच बोलता." मी बराच वेळ काही बोललो नाही.

बोललो नाही त्याचे कारण मी आजवर घरच्या कोणालाही सांगितलेले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय वरचे काहीही लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझ्या नावावर एक पेटंट आहे. मालकी कंपनीची आहे, मी दोन शोधकांपैकी दुसरा, माझे नाव काताकानात, म्हणजे परकी नावे लिहिण्याच्या जपानी लिपीत, लिहिलेले. कोथरूडच्या घरी वडिलांनी त्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवतात.

त्या पेटंटात वर्णन केलेली रीत अशी : संघातील एक खेळाडू जखमी होऊन खाली पडला की सहकाऱ्याच्या स्पर्शाने तो पुन्हा उठतो, पण एका जोडीत हे एकदा घडले की मधे दुसऱ्या कोणीतरी कोणाला तरी उठवल्याशिवाय त्याच दोघांत ते पुन्हा घडत नाही. पुण्यात वाढलेल्या कोणालाही हे ओळखू येईल. हे विषामृत आहे. आमच्या वाड्याच्या चौकात ज्याच्यावर राज्य असे तो 'विष' म्हणून शिवला की आम्ही जागीच बसत असू, आणि गड्याने 'अमृत' म्हणून हात लावला की उठत असू. दोन भावंडे एकमेकांशेजारी उभी राहून सतत एकमेकांना उठवत आणि खेळ संपतच नसे, म्हणून 'एका हाताचे अमृत लागोपाठ दोनदा नाही' असा नियम वरच्या मजल्यावरच्या एका थोरल्या ताईने घातला होता. २०१९ मध्ये बैठकीत हाच पेच उभा राहिला तेव्हा उपाय माझ्या तोंडून असा निघाला, जणू मला तो त्याच क्षणी सुचला होता.

माझा सहकारी, उजीत जन्मलेला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हसून म्हणाला की हे तर आमच्या कोओरी-ओनिसारखे झाले. त्याचे म्हणणे खरे होते. घराजवळच्या मैदानात रोज संध्याकाळी मुले तो खेळतात, शिवले की गोठायचे आणि सोबत्याने हात लावला की वितळायचे. मूळ खेळ दोन्हीकडे एकच. लागोपाठ दोनदा नाही, हा नियम तेवढा त्याच्याकडे नव्हता, आणि तो माझ्याकडे आधीपासून होता हे मी त्याला सांगितले नाही. जपानच्या कायद्यानुसार अर्जापूर्वी जगात कोठेही लोकांना उघडपणे माहीत असलेली गोष्ट नवी ठरत नाही. अर्जात मात्र आपल्याला ठाऊक असलेल्या छापील साहित्याचाच उल्लेख करावा लागतो, आणि वाड्यातला नियम कोठे छापलेला नव्हता.

हळदीचे पेटंट आपण याच मुद्द्यावर पाडले होते. जखमेवर हळद लावण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले म्हणून. मी तेव्हा शाळेत होतो, आणि आमच्या सरांनी ती बातमी वर्गात उभे राहून वाचून दाखवली होती. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, त्यात आयुर्वेद आला, योगासने आली. मुलांचे खेळ आले नाहीत. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने लिहून काढले म्हणून त्यांना तारीख आहे. विषामृताला तारीख नाही. माझा मित्र ज्या कलमाला अडथळा म्हणतो, ते अशा बिनतारखेच्या खेळांभोवती घातलेले कुंपण आहे, आणि मी त्या कुंपणाबाहेर, दुसऱ्या देशात, माझ्याच चौकातली एक वस्तू दुसऱ्याच्या नावे नोंदवून आलो आहे. कलम ३(एम) राहिलेच पाहिजे, असे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो, ते मित्राला आता कळेल.

येथे नोंदणीच्या वेळी तीन वर्षांचे शुल्क एकदम भरतात आणि चौथ्या वर्षापासून ते दरवर्षी भरावे लागते, म्हणून कंपनी शोधकांना वर्षातून एकदा विचारते की हे पेटंट चालू ठेवावे की सोडून द्यावे. यंदाचा कागद गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आला. ती रीत वापरणारा खेळ केव्हाच बाजारातून गेला आहे आणि 'सोडावे' या चौकोनात खूण केली असती तर कोणीही कारण विचारले नसते. मी तो कागद दोन दिवस तसाच ठेवला. रविवारी घरी फोन लावला, तेव्हा वडील सांगत होते की सोसायटीतले नवे भाडेकरू चहाला आले होते आणि त्यांनी चौकट बराच वेळ पाहिली. सोमवारी मी 'ठेवावे'वर खूण केली, कारणाच्या रकान्यात 'पुढे वापराची शक्यता' असे जपानीत लिहिले, आणि खाली हान्को, म्हणजे माझ्या नावाचा शिक्का, उमटवला.