जुना पूल पाडायचा कशाला?

परवा जोतिबाहून कोल्हापुरात येताना पंचगंगेवर गाडी जरा बाजूला घेतली. मागं बसलेला भाचा म्हणतो, "मामा, ह्यो जुना शिवाजी पूल अजून ठेवलाय कशाला? पाडून टाकायचा की!"

डोकंच सणकलं. पण त्याचं वय बघून गप्प बसलो. म्हटलं, इथं सगळ्यांसाठीच लिहावं.

1870च्या दशकातलं हे दगडी कमानींचं काम. बांधलं ते बैलगाड्या-टांग्यांच्या हिशेबानं. त्यावरनं आपण रत्नागिरी रस्त्याचे ट्रक, एसट्या, उसाच्या ट्रॉल्या, पन्हाळ्याची रविवारची गर्दी, सगळं नेलं. पुराचं पाणी किती बघितलं असंल त्यानं, त्याचं त्यालाच ठाऊक.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा कुठं आपल्याला घाम फुटला. महाडचा नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. आपल्या शिवाजी पुलाशेजारचा पर्यायी पूल मात्र तोवर अर्धवट लोंबकळत होता, आणि पुढंही लोंबकळतच राहिला. कारण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, असा कायदा.

मग काय, पेठापेठांत कट्ट्यावर पुरातत्त्वाच्या नावानं शिव्या. मी पण दिल्यात, खोटं कशाला बोलू. "मातीच्या ढिगाऱ्यापायी माणसं मरायची काय?" हे माझंच वाक्य.

आज लाज वाटते. 1940च्या दशकातल्या उत्खननात त्याच ढिगाऱ्यात पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ग्रीक लोकांचा समुद्रदेव, सातवाहनांच्या काळात, आमच्या नदीकाठी! आणि टेकडी काय रातोरात उगवली नव्हती. काम सुरू करायच्या आधी टेप लावून अंतर मोजायला कुणी अडवलं होतं? चूक मोजणाऱ्यांची, बोल मात्र टेकडीला.

तोवर 26 जानेवारी 2018 ची रात्र आली. गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. 13 जणं गेली. आसपासची माणसं अंधारात धावली, जमेल तसं लोकांना बाहेर काढलं. त्या थंडीच्या रात्रीबद्दल अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही.

पण त्यात पुलाचा काय गुन्हा? त्याला रिटायर करायचं सोडून आपणच राबवत राहिलो. आता नवा पूल झालाय, तर जुन्याचे कठडे नीट करा, झाडं उपटा, चालणाऱ्यांसाठी ठेवा. पाडायची भाषा नको.

भाच्याला येत्या रविवारी टाऊन हॉल म्युझियमला नेतोय. पोसायडन बघितल्यावर मिसळ, असं ठरलंय.