गादीवर आल्यानंतर

माणूस गादीवर आला की त्याचं राज्य सुरू होतं, असं शाळेच्या इतिहासात वाचलं होतं. माझं उलटं झालं. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवी गादी आली आणि बावीस वर्षं सुखाने चाललेलं माझं राज्य खालसा झालं.

जुनी गादी कापसाची, सासऱ्यांनी लग्नात भरून दिलेली. तिच्या मधोमध खड्डा पडला होता. आम्ही दोघं आपापल्या काठावर झोपायचो आणि उताराच्या कृपेने पहाटेपर्यंत मध्यावर जमायचो. आदल्या रात्री भांडण झालेलं असलं तरी. पूर्वी खांद्यावरच्या धनुकलीची तात टुंग टुंग वाजवत पिंजारी दारावरून जायचा. मग गच्चीवर गादी उसवायची, दुपारभर कापूस पिंजायचा, भुवया पांढऱ्या झालेल्या पिंजाऱ्याला दोनदा चहा द्यायचा. गेल्या काही वर्षांत तो फिरकला नाही. कापूस बसत गेला, जागोजागी गोळे झाले. त्यातला एक बरोबर माझ्या कमरेखाली यायचा. बायकोचं म्हणणं, माझी कंबर त्याच्यामुळे दुखते. माझं म्हणणं, ती त्याच्यावरच टेकून उभी आहे.

दुकानातल्या पोराने मेमरी फोम दाखवला. "सर, नासाची टेक्नॉलॉजी." मला वाटलं थाप आहे, पण घरी येऊन पाहिलं तर खरं निघालं. १९६६ साली नासासाठी विमानातल्या आसनांकरता हा फोम शोधला गेला, आत बसलेल्याला धक्का बसू नये म्हणून. मला धक्का किंमत ऐकूनच बसला होता. मग त्या पोराने गादीच्या एका टोकाला पाण्याने भरलेला ग्लास ठेवला आणि दुसऱ्या टोकावर स्वतः उड्या मारल्या. ग्लासातलं पाणी ढिम्म. "बघा मॅडम, सरांनी रात्रभर कूस बदलली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही!" बायकोने तिथल्या तिथे पैसे भरले. वर शंभर रात्री वापरून पाहायची सवलत. नाही पटली तर परत. मी कॅलेंडरवर फुल्या मारायचं ठरवलं.

गादी आली ती खोक्यातून, सतरंजीसारखी गुंडाळून. प्लॅस्टिक कापताच तिने सुस्कारा सोडला आणि डोळ्यांदेखत पोळीसारखी फुगली. नव्या रेक्झिनच्या पाकिटासारखा वास गेला नाही म्हणून पहिल्या दोन रात्री आम्ही हॉलमध्ये जुन्या गादीवरच काढल्या. तिसऱ्या रात्री राज्यारोहण.

आठ इंच उंची वाढल्यामुळे पलंगाच्या कडेला बसलं की माझे पाय बालवाडीतल्या पोरासारखे लोंबकळू लागले. उशाशी असलेलं दिव्याचं बटण गादी आणि भिंत यांच्या फटीत बुडालं. तिथे हात घालून चाचपडताना एकदा बायकोचा हरवलेला कंगवा सापडला, बटण नाही.

त्यात नाशिकची थंडी. पेपरात रोज निफाडचा पारा खाली, आणि हा फोम गारठला की कडक होतो. आधी ओट्यावर पडल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासाने अंगाच्या उबेने तो वितळल्यासारखा होतो, पण जिथे आपण आहोत तेवढाच. म्हणजे स्वतःच्या मापाच्या उबदार साच्यात आपण मोदकासारखे बसतो, आणि कूस बदलायची तर साच्यातून निघून पुन्हा गार ओट्यावर चढायचं.

हेही सोसलं असतं. खरी गोची वेगळीच झाली. जुन्या गादीवर मला झोप आली नाही की मी दोनदा कूस बदलायचो. बायको हिंदकळून जागी व्हायची. "काय होतंय हो? ॲसिडिटी का?" मग बाम, कोमट पाणी, ऑफिसातल्या साहेबाला दोन शिव्या, असं सगळं साग्रसंगीत व्हायचं. आता मी मासळीसारखा तडफडलो तरी पलीकडे मंद घोरणं चालू. खोकून पाहिलं. शेवटी गुडघ्यांवर उभं राहून दोन उड्याही मारल्या. माझं जागरण बावीस वर्षांत पहिल्यांदाच प्रेक्षकांविना पार पडत होतं, आणि बघणारं कोणी नसेल तर जागरणात काही राम नाही.

बहुधा म्हणूनच तेविसाव्या रात्री मला गाढ झोप लागली. चोविसाव्यालाही. पुढे फुल्या मारायचंच विसरलो. सोसायटीत लोकांना नासाबद्दल सांगू लागलो.

परवा रात्री अडीचला तहान लागली म्हणून उठलो. दिव्याचं बटण सापडलं नाही, म्हणून बायकोला हलवायला हात लांबवला, तर शेजारी नुसता गार ओटा. हॉलमध्ये गेलो. 'पाहुण्यांना होईल' म्हणून दिवाणामागे गुंडाळून ठेवलेली जुनी गादी फरशीवर पसरलेली, आणि बायको मधल्या खड्ड्यात गोधडी घेऊन झोपलेली. माझा गोळा बरोबर तिच्या कमरेखाली.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्हाला झोप लागायला लागली तेव्हापासून."

"रोज? आणि मला कळलं नाही?"

डोळे न उघडता तिने गोधडी नाकापर्यंत ओढली. "कळणार कसं? ग्लासातलं पाणी हललं होतं का?"