‘भित्र्या माणसाचा सल्ला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रॉम (फोनची अख्खी अँड्रॉइड प्रणाली) बदलल्यावर कर्नल (तिच्या मुळाशी बसून प्रोसेसर, बॅटरी वगैरे सांभाळणारा भाग) कधी बदलावं, या माझ्या मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबणार म्हणून ते स्वतंत्र लिहितो आहे. आधी प्रतिक्रिया, एकही शब्द न बदलता (तीतलं जीकेआय म्हणजे गूगलने वेगवेगळ्या फोनांसाठी ठरवलेलं एकसारखं मूळ कर्नल):

“लेख वाचून हसू आलं. ‘आधी रॉम टाका, पंधरा दिवस वापरा, मग वाटलंच तर कर्नल’ हा भित्र्या माणसाचा सल्ला आहे. जीकेआय आल्यापासून हे सगळं इतिहासजमा झालंय. कस्टम कर्नलने बॅटरी फारशी वाढत नाही म्हणता, पण एकही आकडा दिलेला नाही. आणि स्केडयुटिल लिनक्स ४.८ मध्ये नाही, ४.७ मध्ये आला. नवख्यांची दिशाभूल थांबवा.”

स्केडयुटिलचं तुमचं बरोबर आहे. तो गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कधी किती ठेवायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग) ४.७ मध्ये, म्हणजे २०१६ साली, मुख्य लिनक्समध्ये आला. मी ४.८ लिहिलं ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तशी नोंदही ठेवली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे इथले जुने वाचक जाणतात.

आता ‘भित्रा’ या शब्दाकडे येतो.

तुमचं माझं मत जुळायलाच हवं असं नाही. पण “हसू आलं” अशी सुरुवात करून लगेच माणसाच्या धैर्यावर घसरायचं, आणि मग शेवटी नवख्यांची काळजी दाखवायची, हे मला पटलं नाही. तुम्ही लेखातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून “हे चूक, कारण अमुक” असं लिहिलं असतंत तर मी आनंदाने वाद घातला असता. तुम्ही मला ओळखत नाही. मी काय काय करून बसलो आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून सांगतो.

२०११ साली मी पहिल्यांदा सायनोजेनमॉड ७ हे कस्टम रॉम टाकलं. पुढची तीन वर्षं माझा फोन एका कर्नलवर सलग आठवडाभर राहिला असेल असं वाटत नाही. रात्री नवीन बिल्ड आलं की रात्रीच फ्लॅश करायचो, म्हणजे फोनवर चढवायचो. चेंजलॉग वाचायच्या आधी झिप उतरलेली असायची. कंपनीने दिलेला सोर्स (मूळ कोड) घेऊन, डेफकॉन्फिग या कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या फाइलीत हात घालून स्वतः कर्नल कंपाइल केलं, लोगोवर अडकलेला फोन संगणकावरून फास्टबूट या साधनाने कितीतरी वेळा वर काढला. एकदा मोडेमचं विभाजन बॅकअप न घेता पुसलं आणि आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) घालवून बसलो. तेव्हा ‘थांबा’ म्हणणाऱ्यांना मीही भित्रे म्हणायचो. तुमचाच शब्द होता तो.

मग वडिलांचा फोन. २०१३ ची गोष्ट आहे. त्यांचा आणि माझा फोन एकाच मॉडेलचा. माझ्या फोनवर एक कर्नल होतं, त्यात प्रोसेसरच्या वेगाच्या सगळ्या पायऱ्यांवर ७५ मिलिव्होल्ट कमी केलेले, म्हणजे अंडरव्होल्ट. माझ्याकडे ते महिनाभर निर्धोक चाललं होतं, म्हणून बॅटरीची तक्रार करणाऱ्या वडिलांच्या फोनवरही तेच टाकलं. चार दिवसांनी ते प्रवासाला निघाले. दुपारी फोन लागेना. संध्याकाळी लागेना. रात्री उशिरा ते पोचले आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोलले, तेव्हा कळलं की त्यांचा फोन खिशात ‘बंद’ पडला होता. बॅटरी निम्मी होती. स्क्रीन काळी, बटण दाबलं तरी उठत नाही. त्यांना दहा सेकंद बटण दाबून धरायचं माहीत नव्हतं, कारण मी ते सांगितलंच नव्हतं. सात तास आईने जे काढले ते मी समोर बसून पाहिले आहेत.

तेव्हा याला ‘स्लीप ऑफ डेथ’ म्हणत. कारण शोधायला मला दोन आठवडे लागले. एकाच साच्यातल्या दोन चिप सारख्या नसतात. कुठल्या नगाला किती व्होल्टेज पुरतं हे कारखान्यात तपासून त्याची श्रेणी ठरते आणि कर्नलमधला व्होल्टेजचा तक्ता त्या श्रेणीप्रमाणे निवडला जातो. माझा नग चांगल्या श्रेणीतला होता, वडिलांचा त्याहून खालच्या. त्या कर्नलच्या लेखकाने स्वतःच्या हातातल्या एका फोनवर चाचणी घेतली आणि सरसकट वजाबाकी केली. लोकांना वाटतं, व्होल्टेज कमी पडलं तर गेम खेळताना फोन बंद पडेल. आमच्या दोन फोनांवर उलटं दिसलं. भार असताना दोन्ही ठीक होते. वडिलांचा फोन मेला तो निजताना, सर्वांत खालच्या पायरीवर उतरताना. म्हणून मी घेतलेल्या अर्ध्या तासाच्या बेंचमार्कमध्ये ते दिसलंच नाही.

नंतरच्या क्वालकॉम चिपमध्ये व्होल्टेज चालू असतानाच चिपच्या गरजेप्रमाणे जुळवलं जातं, त्यामुळे अंडरव्होल्टचं ते वेड ओसरलं हे मलाही माहीत आहे. “जुन्या गोष्टी उगाळता” असं कोणी म्हणण्याआधीच सांगून ठेवतो. अंडरव्होल्ट गेलं. पण एका हँडसेटवर तपासून हजारांना वाटण्याची पद्धत गेली का? आजही कर्नलच्या झिपबरोबर “माझ्याकडे नीट चालतंय” यापलीकडे काही नसतं. मी थांबा म्हणतो ते या वाक्याजवळ.

आणि पंधरा दिवस का, हे लेखात होतं. तुम्ही ते वाचलं नाहीत असं दिसतं, म्हणून पुन्हा लिहितो. क्लीन फ्लॅशनंतरचे (सगळं पुसून रॉम टाकल्यानंतरचे) पहिले दोन-तीन दिवस फोन स्वतःच्याच कामात असतो. अ‍ॅप्स कंपाइल होतात, फोटो-गाणी स्कॅन होतात, खाती सिंक होतात. अँड्रॉइड ९ पासून अडॅप्टिव्ह बॅटरी आहे. ज्या रॉमवर गूगलच्या सेवांसह ती चालते तिथे तुमच्या सवयी ओळखायला तिला आणखी दिवस लागतात. या काळात बॅटरी भराभर उतरते आणि माणूस म्हणतो, “रॉमचं कर्नल टाकाऊ आहे.” तिसऱ्या दिवशी तो कस्टम कर्नल टाकतो, पाचव्या दिवशी बॅटरी सुधारते, आणि तो येऊन लिहितो की कर्नलने कमाल केली. ती सुधारणा काहीही न करता झालीच असती. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की फरक कशाने पडला हे सांगता येत नाही. यात भिण्यासारखं काय आहे?

दुसरी बाब नवख्यांना कोणी सांगत नाही म्हणून मला जास्त महत्त्वाची वाटते. रॉम आणि त्याचं स्वतःचं कर्नल एकमेकांना धरून बांधलेले असतात. रॉममध्ये पॉवर हॅल नावाचा एक थर असतो. स्क्रीनला बोट लागलं की प्रोसेसरची वारंवारता क्षणभर वाढव, अ‍ॅप उघडताना प्रोसेसरचे मोठे गाभे (कोअर) जागे कर, असे निरोप तो कर्नलने उघड्या ठेवलेल्या ठरावीक फाइलींत आकडे लिहून देतो. कस्टम कर्नलवाला एखादा गव्हर्नर काढतो, स्वतःचा बूस्ट ड्रायव्हर घालतो, आणि त्यातल्या काही फाइली नाहीशा होतात. पॉवर हॅल लिहायला जातो, लॉगमध्ये एक त्रुटी पडते, संपलं. फोन बंद पडत नाही, बूटलूप (लोगोवरच पुन्हा पुन्हा सुरू होत राहणं) होत नाही. फक्त स्क्रोल करताना अडखळतो, कीबोर्ड उशिरा वर येतो. वापरणारा रॉमच्या मेंटेनरला, म्हणजे ते सांभाळणाऱ्याला, शिव्या देतो. मेंटेनर बिचारा कुठला दोष शोधणार? लिनिएजओएस या रॉमच्या प्रकल्पाकडे दोष कळवताना तुम्ही बदललेलं कर्नल वापरत नाही हे सांगावं लागतं, ते याचसाठी. तिथली माणसं भित्री आहेत असं तुम्ही म्हणणार का?

मी स्वतः दोन वर्षं एका जुन्या फोनचं रॉम सांभाळलं आहे, स्वतःपुरतं आणि पंधरा-वीस लोकांपुरतं. आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी “आधी मूळ बूट इमेज (रॉमचं स्वतःचं कर्नल असलेली फाइल) परत टाका” एवढ्या उत्तरावर मिटायच्या. काही जण तर कर्नल बदललंय हे सांगायचेच नाहीत, लॉग मागितला की कळायचं. हा माझा अनुभव आहे. तुम्हाला तो नको असेल तर सोडून द्या, पण त्याला भीती म्हणू नका.

जीकेआयबद्दल थोडक्यात. तुमचं वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं वाक्यच नवख्याला खड्ड्यात घालतं. जीकेआयची सक्ती अँड्रॉइड १२ आणि ५.१० किंवा पुढचं कर्नल घेऊन बाजारात आलेल्या फोनांना आहे. आधीच्या फोनवर रॉमने अँड्रॉइड १४ आणलं म्हणून त्याचं ४.१४ किंवा ४.१९ कर्नल जीकेआय होत नाही. आणि कस्टम रॉमकडे जास्त करून वळतात ते अशाच फोनचे मालक, कारण कंपनीने त्यांना वाऱ्यावर सोडलेलं असतं. शिवाय जीकेआय असलेल्या फोनवरसुद्धा ‘कुठलंही कुठेही’ चालत नाही. कर्नल आणि कंपनीची मॉड्यूल्स (वायफाय, टच वगैरे चालवणारे वेगळे तुकडे) यांच्यातला करार एका शाखेपुरताच पक्का असतो. अँड्रॉइड १२ ची ५.१० शाखा आणि अँड्रॉइड १३ ची ५.१० शाखा, आकडा तोच, पण करार वेगळा. कोणी कॉन्फिगमध्ये एखादा पर्याय बदलला आणि त्याने कर्नलमधल्या एखाद्या डेटा-रचनेचा आकार बदलला, की मॉड्यूल लोड व्हायला नकार देतं. मग वायफाय नाही, किंवा टच नाही. जीकेआयमुळे काम सोपं झालं हे मान्य. इतिहासजमा काहीही झालेलं नाही.

आकडे. आकडे दिले नाहीत, खरं आहे. लेख मोजमापाचा नव्हता, निवडीचा होता. बॅटरीचे आकडे नेटवर्कची रेंज, स्क्रीनचा उजेड, अ‍ॅप्स यांवर इतके हलतात की माझ्या फोनचे आकडे तुमच्या काय कामाचे? आणि आकडे मागणाऱ्याने स्वतः एक तरी दिला का? कधी वेळ झाला तर सविस्तर लिहीन. आत्ता तो वाद मला घालायचा नाही.

“दिशाभूल” या शब्दावर मात्र गप्प बसणार नाही. लेखात मी कर्नल टाकूच नका असं कुठेही म्हटलेलं नाही. कसं निवडावं हे चार परिच्छेद लिहिलं आहे. सोर्स उघडा नसेल तर हात लावू नका. लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ या मुक्त परवान्याखाली आहे. बायनरी वाटायची आणि मागितला तरी सोर्स द्यायचा नाही, हे परवान्यात बसत नाही. सोर्स असेल तर कमिटचा (एकेका नोंदवलेल्या बदलाचा) इतिहास बघा. सगळे बदल एकाच ढिगाऱ्यात टाकलेले असतील तर कोणी काय केलं हे तपासायला वाव राहत नाही. लिनक्सच्या स्थिर शाखेतल्या दुरुस्त्या आत घेतल्या जातात का ते पाहा. ४.१४ चा आधार जानेवारी २०२४ मध्ये संपला, ४.१९ चा डिसेंबर २०२४ मध्ये. आता या शाखांवर सुरक्षा दुरुस्त्या कोणी हाताने आणत असेल तरच येतात, आणि तसं कष्टाने करणारे लोक आहेत. त्यांची कर्नल्स मी आजही वापरतो. ज्या कर्नलच्या वर्णनात दहा गव्हर्नर, आठ आय-ओ शेड्युलर (स्टोरेजची कामं रांगेत लावणारे) आणि ‘थर्मल काढून टाकलंय’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं, तिथून मागे फिरा. थर्मलच्या, म्हणजे फोन तापला की वेग उतरवणाऱ्या, मर्यादा बॅटरीला आणि हाताला जपण्यासाठी असतात. एसईलिनक्स (प्रत्येक प्रक्रियेला तिच्या हद्दीत ठेवणारी सुरक्षाव्यवस्था) परमिसिव्ह, म्हणजे न अडवता नुसती नोंद ठेवणारं, करणारं कर्नल तर घेऊच नये. अँड्रॉइड ५ पासून ते सगळीकडे एन्फोर्सिंग, म्हणजे प्रत्यक्ष अडवणारं, असणं अपेक्षित आहे. एका थीमिंग मॉडसाठी ती भिंत पाडायची आणि त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवायचं, हे मला बघवत नाही.

हे सगळं तुमच्या नजरेतून सुटलं आणि ‘पंधरा दिवस’ तेवढे दिसले.

माझा स्वर कुठे चढला असेल तर समजून घ्या. मी हे लिहितो ते रात्री एक वाजता बूटलूपमध्ये अडकलेल्या, बॅकअप न घेतलेल्या कोणासाठी तरी. त्या जागी मी होतो, आणि तेव्हा मला कोणी थांबवलं नव्हतं.

तुम्ही सध्या कोणत्या फोनवर कोणतं कर्नल वापरता ते लिहा, आणि त्याच्या सोर्सचा दुवा द्या. मी शेवटचे शंभर कमिट वाचून जे दिसेल ते इथेच लिहीन. चांगलं असेल तर चांगलं म्हणेन.